बस्त्यातला हिरवा ब्लाउजपीस

भावाच्या लग्नाचा बस्ता सुरतेला करायचा ठरला आणि माझी झोप उडाली. आमच्याकडे खानदेशात लग्नाचे कपडे काढायला बायका सुरतेला येतात आणि लेक सुरतेत दिली असेल तर तिच्याच घरी उतरतात. मी सुरतेतच भेस्तानला राहते, नवरा पलसाण्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये. म्हणजे आई आणि काकूंना मार्केटात हिंडवायचं काम माझंच. आदल्या दिवशी फोनवर मी आईला दहादा सांगितलं, अंगावर काही घालून येऊ नकोस, गर्दीत पिशवी पोटाशी धर, कुणी गोड बोललं की विरघळू नकोस.

आई अंगावर काही घालून आली नाही. सगळं कमरेला बांधून आली!

"घराला कुलूप लावलं ना," ती म्हणाली, "मग पोत कुणाच्या भरवशावर ठेवू?"

ही पोत म्हणजे सोन्याच्या मण्यांची, मधे काळे मणी असलेली. माझ्या आजीने ती आईच्या गळ्यात घातली होती आणि आता आई ती नव्या सुनेच्या गळ्यात घालणार होती. घरात सोन्याचा एवढा एकच डाग उरला होता, बाकीचे आजारपणात गेले. म्हणजे गावात चोरी होईल म्हणून बाई ती सुरतेच्या कापड मार्केटात घेऊन आल्या होत्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

रिंग रोडला उतरलो तर डोक्यावर गठ्ठे घेतलेली माणसं बाजू बाजू ओरडत अंगावर येत होती, हातगाड्या पायावरून जाता जाता राहत होत्या, आणि आई दर चार पावलांनी कमरेला हात लावत होती. चोराला आणखी काय पाहिजे? "हात काढ," मी दात आवळून म्हणायची. ती काढायची, पुन्हा लावायची. मागे एक माणूस दोन दुकानं आमच्याबरोबरच थांबला. असेल बिचारा आपल्या कामाचा, पण मी आईचा दंड धरला. एका दुकानाच्या आडोशाला नेऊन मी आईला म्हटलं, "आण ती पोत इकडे. माझ्या पर्समध्ये राहील."

तिने कमरेची गाठ सोडून दिली. पण पर्सला नुसती चेन होती आणि पर्स ब्लेडने कापतात, हे मी किती वेळा ऐकलेलं. तोवर आहेराचे ब्लाउजपीस घेऊन झाले होते. आई आणि काकू गादीवर बसून साड्या बघत होत्या. मी हळूच पोत कागदात गुंडाळून एका ब्लाउजपीसच्या घडीत सरकवली. पंचवीस रंगांत सापडावा म्हणून मुद्दाम हिरवा निवडला, कारण हिरवा एकच होता. चोर पर्स मारेल, आहेराच्या पिशवीला कोण हात लावतो? आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती पिशवीलाच थोपटत बसली असती. पिशवी तिच्या मांडीवर दिली, म्हटलं, "ही सोडू नकोस," आणि वरच्या मजल्यावर फेटे बघायला गेले. स्वतःच्या हुशारीवर फार खूश होते.

खाली आले तर आईचा चेहरा फुललेला.

"अगं, आपल्याकडची बाई भेटली! आमच्या शेजारच्या गावची लेक. घरी साड्यांना टिकल्या लावते, तयार साड्यांचं पोटलं द्यायला आली होती. कोनतं गाव तुमनं, असं विचारलं तिनं. माहेरचं माणूस म्हणून रडायलाच लागली गं. मग काय, बस्त्याचं हळदीकुंकू जवळच होतं, तिची ओटी भरली."

"कशानं भरली?"

"ब्लाउजपीस दिला ना. ओटीला हिरवाच लागतो."

मी पिशवी हिसकावली. पिशवी गादीवर उपडी केली. लाल, पिवळे, जांभळे, सगळे होते. आईला सांगितलं तेव्हा तिने गळ्याशी हात नेला, जिथे कित्येक वर्षं पोत होती तिथे.

"चोरच ती!" मी ओरडले. "आपली भाषा बोलायची आणि बायकांना भुलवायचं. तुला सांगितलं होतं ना मी!"

"मी दिलं तिला," आई म्हणाली. "तिनं मागितलं नव्हतं."

मी ऐकायला थांबले नाही. जिन्यावरून धावत सुटले, आई आणि काकू मागे. मार्केटच्या दारात पायऱ्यांवर आई म्हणाली, "तीच!" अंगावर फिकी साडी, हातात रिकामं फडकं, कपाळावर आईने लावलेलं ताजं कुंकू. मी तिचं मनगट धरलं आणि जोरात ओरडले, "चोर है ये! पकडो!" गर्दी जमली. एकाने मोबाईल वर धरला. कुणीतरी तिचा खांदा ढकलला. तिने मूठ उघडली तर कागदासकट पोत.

ती पायऱ्या चढत होती. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. चोरून पळणारा बाहेर जातो, ही आत येत होती, आमच्याकडे. रिक्षात बसल्यावर घडीत काहीतरी टणक लागलं म्हणून वाटेतच उतरून धापा टाकत परत आली होती, असं तिने आईलाच सांगितलं.

तिने पोत माझ्या हातात दिली नाही. माझ्या अंगावरून हात पुढे करून आईच्या ओंजळीत ठेवली. मग कमरेला खोचलेला हिरवा ब्लाउजपीस काढला, नीट घडी केली आणि तोही वर ठेवला.

"हाई बी लई ल्या, मावशी. माले नको."

"असं नको करू, बाई! भरलेली ओटी कुणी परत करतं का?" आई रडायला लागली. ती बाई गर्दीतून वाट काढत निघून गेली. मी हाकसुद्धा मारली नाही. लाज वाटत होती, आणि तिचं नावही विचारलेलं नव्हतं.

लग्न झालं. पोत सुनेच्या गळ्यात आहे. ब्लाउजपीस आईने घरी नेला नाही, "तिचा आहे" म्हणून माझ्याकडेच ठेवून गेली. आता मार्केटात गेले की मी पर्स सांभाळायची सोडून टिकल्यांच्या साड्यांची पोटली घेऊन येणाऱ्या बायकांचे चेहरे बघत फिरते. आईचा फोन येतो. सुनेचं, शेताचं, सगळं सांगून होतं आणि ठेवायच्या आधी ती विचारते, "दिसली का गं?"

"नाही," मी म्हणते.

"बघत राहा," ती म्हणते आणि फोन ठेवते.