पहिली फेरी आणि पिवळा दिवा

भित्रेपणा माझ्या अंगात मुरलेला आहे. गॅस बंद केला का हे बघायला मी अर्ध्या जिन्यावरून परत येते, आणि धाकटा भाऊ त्यावरून माझी यथेच्छ टिंगल करतो. करू दे. त्या एका दिवशी मात्र मी त्याच्या टिंगलीला लाजले आणि मनातल्या भीतीचं ऐकलं नाही. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो माझा मलाच येतो.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, सगळी उमर ट्रक चालवत होते. आता फुप्फुसांनी साथ सोडली आहे. नाकात नळी आणि शेजारी ऑक्सिजनचं मशीन, असा त्यांचा संसार. हे मशीन खोलीतलीच हवा ओढून त्यातून ऑक्सिजन वेगळा काढतं, पण त्याला वीज अखंड लागते. म्हणून मशीन भाड्याने देणाऱ्याने आमच्या सिडकोतल्या घरात त्यासाठी वेगळा इन्व्हर्टर बसवून दिला. बसवताना तो म्हणाला होता, "ताई, ह्याला कुठलाबी इन्व्हर्टर लावू नका. साइन वेव्हचाच लागतो." मी जाणकारासारखी मान डोलावली. अकरावी-बारावीला गणित शिकवते मी. साइनची ती गोल वळणांची रेघ फळ्यावर हजारदा काढली आहे.

मग भावाने नवा ट्रक घेतला. झोपायच्या जागेसह एसी केबिन, आणि ड्रायव्हरच्या सीटमागे कंपनीतूनच बसवून आलेला इन्व्हर्टर, त्याला घरातल्यासारखा प्लग. आमच्याकडे नवी गाडी आधी गावच्या मारुतीपुढे जाते आणि पहिल्या फेरीत घरातलं सगळ्यात मोठं माणूस बसतं. गाव सिल्लोडच्या अलीकडे, दीड तासाच्या वाटेवर. अण्णांचा एक नियमही होता: नारळ फुटेस्तोवर पहिल्या फेरीत गाडी थांबवायची नाही. चहाला नाही, लघवीला नाही, कशालाच नाही. त्यांचा पहिला ट्रक असाच वाटेत थांबला होता आणि सहा महिन्यांत उलटला होता. त्या दोन गोष्टींचा संबंध त्यांच्या डोक्यातून कुणीही काढू शकलं नाही.

"अण्णांना मशीनसकट न्यायचं," भावाने जाहीर केलं. अण्णांचा चेहरा असा खुलला की मला नाही म्हणवेना.

तरी मी विचारलं, "प्लगवर चालेल का रे हे?"

त्याने प्लगला मोबाइल लावला, चालला. टेबलफॅन लावला, तोही चालला. "बघ. आणखी काय पाहिजे?"

"किती वॅटचा आहे?"

"चारशे."

मशीनवर साडेतीनशे लिहिलं होतं. हिशेब बसला, आणि मी, गणिताची बाई, तेवढ्यावर गप्प झाले. ज्यांनी वर्षानुवर्षं भारनियमन काढलं त्या आमच्या मुलखात इन्व्हर्टरबद्दल सगळे एवढंच विचारतात. वीज कशी येते, गुळगुळीत की पायऱ्यापायऱ्यांची, हे कुणी विचारत नाही. जिला ते ठाऊक होतं तिनेही विचारलं नाही.

छोटं सिलिंडर मी दारापर्यंत आणलं होतं. भाऊ कळवळला. "ताई, नव्या गाडीत पहिल्याच दिवशी दवाखान्याचं सिलिंडर? कसं दिसंल ते?" अण्णाही म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पोरी." मी ते उंबऱ्याच्या आत ठेवलं.

गाडी सुरू झाली. मशीन लावलं तसं ते घुमायला लागलं, घरी कधी घुमत नसे तसं. आमच्या लहानपणी लाइट गेली की साध्या इन्व्हर्टरवर पंखा असाच घुमायचा. तो आवाज आला की आम्ही टाळ्या पिटायचो. भाऊ आरशातून हसला. "घुमतंय म्हंजी चालू हाय." मलाही क्षणभर हायसं वाटलं, याची आज लाज वाटते.

ते फार टिकलं नाही. हर्सूल मागे पडलं. मशीनच्या कडेला हात लावला तर नेहमीपेक्षा गरम. "तापतंय रे." "इंजिनाची गरमी हाय ती." मी मागच्या बर्थवर अण्णांना टेकून बसले होते, मशीन त्यांच्या पलीकडे. दिवा हिरवा होता. पिवळा लागला की ऑक्सिजन कमी, लाल लागून शिट्टी वाजली की मशीन बंद, एवढं मला पाठ होतं. चौक्याच्या घाटात गाडी कण्हत चढू लागली तेव्हा मी अण्णांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायला हात पुढे केला. त्यांनी हात शालीत ओढून घेतला. "हात गार पडलेत एसीनं. खरं दाखवत नाय ते." हे खरंच होतं, गार बोटावर आकडा चुकतो. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी काढून मशीनवर ठेवला. मला वाटलं, खांदा जड झाला असेल.

ते बोलेनासे झाले. डोळे रस्त्यावर, ओठ घट्ट. भाऊ आनंदात होता. गिअर कसा पडतो, ब्रेक कसा लागतो, सगळं त्यांना सांगत होता, आणि अण्णा मान हलवत होते. मला भीती वाटत होती आणि भीतीचं नाव सांगता येत नव्हतं. एवढ्या आनंदात पुन्हा मीच विरजण घालायचं?

फुलंब्री ओलांडली, आणि मला अण्णांच्या कपाळावर घाम दिसला. एसीच्या गारठ्यात घाम. पुसायला मी मशीनवरचा टॉवेल उचलला.

खाली पिवळा दिवा लागलेला होता.

अण्णांची नखं निळसर झाली होती. चिमटा लावला: एक्क्याऐंशी. मी किंचाळले, "थांबव!"

"धा मिंटांत गाव येतंय, ताई," भाऊ म्हणाला, पण त्याचा आवाज फाटला होता. अण्णांनी हात वर केला, थांबू नको म्हणून. मी दुसऱ्यांदा ओरडले. तेव्हा त्याने वळून दिवा पाहिला, अण्णांचा चेहरा पाहिला, आणि ब्रेक दाबला. तेवढ्यात मशीनचा लाल दिवा लागला, शिट्टी वाजली आणि घुमणं बंद पडलं.

समोर एक रसवंती होती. भावाने अण्णांना उचललं, मी मशीन. उसाला लिंबू लावत असलेल्या बाईला मी एकच विचारलं, "लाइट आहे का?"

"हाय, आत्ताच आली. कवा जाईल सांगता येत नाय." मग तिने अण्णांकडे पाहिलं आणि स्वतःच चरकाची पिन उपटून माझ्या हातातली वायर घेतली.

मशीन सुरू झालं नाही.

भाऊ रुग्णवाहिकेला फोन करत होता, मी मशीनवाल्याला. तो फोनवरच ओरडला, "ट्रकच्या इन्व्हर्टरला लावलं? ताई, तो साइन वेव्हचा नसतो. मोबाइल, पंखा चालंल त्याच्यावर. ह्याचा कॉम्प्रेसर नुसता तापतो, ऑक्सिजन होत नाही. थंड होऊ द्या, मगच सुरू होईल. त्यांना वाकवून बसवा. ओठ आवळून हळूहळू श्वास सोडायला लावा."

दहा मिनिटं. रसवंतीवाली बर्फाच्या पोत्याचं ओलं फडकं मशीनच्या अंगावर फिरवत होती. मी अण्णांपुढे गुडघ्यांवर बसून ओठ आवळून श्वास सोडत होते आणि ते माझ्याकडे बघून तसंच करत होते, लहानपणी ते करतील तसं मी करायचे, त्याच्या अगदी उलट. आकडा एकोणऐंशीवर गेला. आता अण्णा जातात, इथेच, या बाकड्यावर, आणि सिलिंडर घरात उंबऱ्याच्या आत, एवढाच विचार डोक्यात फिरत होता. भाऊ नव्या ट्रकच्या चाकाला टेकून ढसाढसा रडत होता.

मग मशीनने एक धक्का खाल्ला आणि चालू झालं, घरच्यासारख्या शांत आवाजात. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला. चौऱ्याऐंशी. सत्त्याऐंशी. एक्क्याण्णवला मी रडले.

रुग्णवाहिकेत मी अण्णांजवळ बसले. भाऊ ट्रक घेऊन मागून येत होता, न फुटलेला नारळ केबिनमध्येच. अण्णांनी मला खूण करून जवळ बोलावलं.

"त्याला सांगू नको."

"काय?"

"दिवा म्या झाकला ते. घाटातच लागला व्हता. पहिलीच फेरी, पोराची गाडी थांबली असती."

घाटात! म्हणजे अर्धा तास ते माझ्या खांद्याला टेकून गुदमरत होते, आणि गिअर कसा पडतो ते ऐकत होते. मला त्यांना बदडावंसं वाटलं. मी त्यांचा हात धरला आणि नाही सांगणार म्हणाले.

अण्णा वाचले. भावाने केबिनमध्ये नंतर साइन वेव्हचा इन्व्हर्टर बसवला, पण अण्णांना पुन्हा गाडीत बसवलं नाही. तो आता टिंगल करत नाही. जेवताना मध्येच थांबतो. परवा त्याने मला पुन्हा विचारलं, "ताई, दिवा लागल्या लागल्या दिसला ना तुला? माझ्यामुळं उशीर नाय ना झाला?"

"लगेच दिसला," मी म्हणाले. पलंगावर अण्णा डोळे मिटून पडले होते. झोपलेले नव्हते.

त्यांच्या खांद्यावर अजून टॉवेल असतो. तो काढून त्यांनी कुठे ठेवला, हे मी स्वयंपाकघरातून येऊन बघते. दिवसातून कितीदा, ते मी कुणाला सांगत नाही.