आठवी टोपली

शेटनं माझी टोपली उलटी केली. बुडाला थोडी खळगी असते, तिच्यात नागली ओतली, वरून हात फिरवून सपाट केली आणि म्हणाला, "घे तुझी भर."

दुकानातले दोघे नोकर पोट धरून हसले.

आमच्याकडे टोपलीचा भाव ठरलेला होता. टोपलीत जेवढी नागली मावेल, तेवढी तिची किंमत. तिलाच भर म्हणायचे. माझ्या टोपलीत दोन शेर मावायची. उलट्या बुडावर अर्धा शेर.

आई म्हणाली, "शेट, भर वरून देतात."

"टोपलीची भर म्हणजे टोपलीची भर. वरची का खालची, कुठं लिहिलंय? दाखव वाचून!"

जव्हारच्या भरबाजारात हे बोलला. आईनं पदर पसरला. दहाही टोपल्यांची नागली तशीच घेतली. मी पंधराची होते. त्या दिवशी मला शेटपेक्षा आईचा जास्त राग आला, हे आज कबूल करते.

पुढच्या बाजाराच्या दहा टोपल्या विणून झाल्या, तेव्हा मी त्या अंगणात रांगेनं मांडल्या. मला अक्षर येत नाही. मोजता येतं.

एका मोळी बांबूत दहा टोपल्या होतात. मोळी आणू देण्याबद्दल जंगलाचा रखवालदार चार शेर नागली घ्यायचा. दोन टोपल्या बाजूला केल्या. विणायला आम्हा दोघींना पाच दिवस. दोन धाकटे भाऊ धरून घरात चार तोंडं, रोजची दोन शेर नागली. पाच टोपल्या बाजूला. बाजाराला जाण्यायेण्यात एक दिवस, त्या दिवशीही पोट असतंच. आणखी एक. आठ गेल्या. आठव्या टोपलीपर्यंत नुसती भरपाई. नववी आणि दहावी, तेवढ्याच आमच्या. तेही पूर्ण भर मिळाली तर.

शेटच्या भरीनं दहा टोपल्यांची पाच शेर. सोळा घालून पाच. आम्ही टोपल्या विकत नव्हतो, शेटला पोसत होतो.

"आये, त्याला टोपली नाय द्यायची."

"मंग खायचं काय?"

"आता काय खातो?"

आई टोपल्या आत नेऊ लागली.

मग मी सूप मोजलं. जेवढं घालायचं तेवढंच परत. सूप सोडलं. मग कणगी मोजली. धान्य साठवायची कणगी, छातीपर्यंत उंच. एका मोळीत एकच होते, सहा दिवस लागतात. रखवालदाराची चार, पोटाची बारा. सोळाच. घेणारा घरी येऊन उचलून नेतो, बाजाराचा दिवस वाचतो. चोवीस शेरांना दिली तर आठ शेर आमची. चांगल्या भरीच्या टोपल्यांत चार राहत होती.

पण माझा डोळा आठ शेरांवर नव्हता. साखरशेत, जामसरची माणसं कापणी झाली की नागली शेटकडे ओतायची, कारण घरी ठेवायला काही नाही. पावसाळ्यात तीच नागली त्याच्याकडून दुप्पट भावानं आणायची. कणगी घरात आली की नागली घरात राहते. मला तेच हवं होतं. मी टोपल्या बंद केल्या.

तीन वर्षांनी शेट स्वतः आमचा चढ चढून आला. धापा टाकत होता. मला फार बरं वाटलं.

"दहा कणग्या पाहिजेत. काय घेशील?"

"भर."

"कणगीची भर?" त्याचा आवाज चढला.

"कणगीचीच. आन् सरळ कणगीची, उलटीची नाय."

"माजलीस तू."

"माजले."

तो उतरून गेला. आई दारात उभी होती. तिनं पदर कमरेला खोचला आणि बांबू चिरायला कोयता उचलला.

ते दुकान अजून उघडं आहे. चाळीस घरांच्या नागलीवर चालायचं, मी मोजलीत. त्यांतल्या अकरा घरांत माझी कणगी आहे, त्या घरांचा दाणा आता त्याच्याकडे जात नाही. नोकर त्यालाही पोसावे लागतात. बैल त्याचेही खातात. म्हणजे आठवी टोपली त्याच्याही दुकानाला आहे. ती कितव्या घराला येते, म्हणजे किती घरं गेली की त्याचा नुसता खर्चच निघतो, मला अजून कळलेलं नाही. कळेपर्यंत मी विणणार. आणि कळल्यावर आणखी एक कणगी विणणार.