एक्झिमाचे पाच प्रश्न

आमच्या फॉर्मवर 'शेरा' नावाचा रकाना आहे, जेमतेम बोटभर रुंद. खरी गंमत त्यात मावत नाही, म्हणून ती माझ्याकडे साठत गेली.

मी ग्वाल्हेरच्या एका दवाखान्यात नर्स. सध्या आमच्याकडे एक्झिमाच्या प्रश्नावलीची परीक्षा चालू आहे. पहिल्या खोलीत मी पाच प्रश्न विचारते, दुसऱ्या खोलीत त्वचेच्या डॉक्टर कानिटकर मॅडम मूल तपासतात. माझी उत्तरं त्यांना कळता कामा नयेत! दोघींचे निकाल जुळले, तरच हे प्रश्न त्वचेचा डॉक्टर नसलेल्या गावांतल्या अंगणवाडीताईंच्या हाती जाणार. नाही जुळले, तर सगळी मेहनत पाण्यात.

* * *

"वर्षभरात मुलाला खाज सुटली?"

बिर्ला नगरची एक आई ठामपणे "नहीं" म्हणाली. मुलाच्या हातात मोजे, तेही मे महिन्यात!

"मग हे मोजे कशाला?" मी हिंदीत विचारलं.

"खुजाने ही कहाँ देती हूँ, सिस्टर!"

* * *

कोरड्या त्वचेच्या प्रश्नाला सगळ्याच आया "नहीं" म्हणू लागल्या. मुलंही खरोखरच तुकतुकीत. शेवटी कळलं, घरून निघताना प्रत्येकीने पोराला मोहरीचं तेल चोपडलेलं!

"डॉक्टर के यहाँ ऐसे ही थोड़े ले आएँगे," एकीने मलाच समजावलं.

* * *

थाटीपुरचे एक आजोबा, निवृत्त मास्तर. नातवाला घेऊन दुसऱ्या खोलीत शिरले आणि मॅडमना खणखणीत आवाजात सांगून मोकळे, "पहिल्याचं हो, दुसऱ्याचं हो, तिसऱ्याचं नाही!" ती केस बाद करावी लागली.

त्या दिवसापासून कुणाला बोलायला निमित्त नको म्हणून मॅडम तपासणी संपेपर्यंत नुसत्या खुणा करतात. परवा एक बाई बाहेर येऊन मला हळूच म्हणाल्या, "डॉक्टरनी बहुत अच्छी हैं. बेचारी बोल नहीं पातीं!"

* * *

दर्पण कॉलनीच्या एक आजी नऊ वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. नात उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांत. आजींची पाचही उत्तरं "नाही".

"आमच्या घराण्यात असलं काही नाही हो. मुलीची जात आहे, उगाच कागदावर नको."

मला राग आला. पण सांगतील तेच लिहायचं, हा नियम. लिहिलं, आणि दोघींना मॅडमच्या रांगेत बसवलं.

थोड्या वेळाने मुलगी एकटीच टेबलाशी येऊन उभी.

"काकू, आजी बेंचवर सो गई है. अब मुझसे पूछो ना."

मी नवा फॉर्म घेतला. विचारत गेले. खाज? "हो. रात को जास्त." कोपराच्या आतल्या बाजूला? तिने बाही वर केली. पाचही प्रश्नांना "हो".

मग 'माहिती देणारी व्यक्ती' हा रकाना आला. छापलेलं होतं: आई, वडील, आजी-आजोबा, इतर. मी शेवटच्या चौकोनात खूण केली.

तिने मान वाकडी करून ते वाचलं.

"काकू, मैं 'इतर' हूँ?"