शोशानाच्या खाली हंसा

हंसाबाई शाळेत कधी गेलीच नाही. घाटंजीच्या शिवारात कापूस वेचता वेचता तिचा जन्म सरत आला, आणि त्या साली तर बोंडअळीनं वेचायलाही फारसं काही ठेवलं नव्हतं. लेक कौसल्या नर्सिंग शिकलेली. तिला इस्राएलात एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायचं काम मिळालं होतं. सारं ठरलं होतं, फक्त मायनं अजून 'जाय' म्हटलं नव्हतं. आणि माय म्हणत नाही तोवर निघायचं नाही, असं लेकीनं मनाशी धरलेलं.

म्हातारीच्या घरी औषधांवर, डब्यांवर, सगळीकडे हिब्रूत नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या. म्हणून कौसल्यानं सवयीसाठी आपल्याच डब्यांवर हिब्रू चिठ्ठ्या डकवल्या. मीठ म्हणजे मेलाख. उजवीकडून डावीकडे तीन अक्षरं: पहिलं गाठोड्यावानी, मधलं बगळ्यासारखी मान काढलेलं, तिसरं दाराच्या चौकटीसारखं.

"काना-मात्रा बहुतेक लिहितच नाईत, माय. वाचनाऱ्याले मनानं भरा लागते."

"तुह्या बापाचं बोलनं असंच होतं," हंसाबाई म्हणाली. "अर्धं तो बोले, अर्धं मी भरू."

एका सकाळी भाकरी थापताना तिनं विचारलं, "त्या बाईच्या घरी चिठ्ठ्या कोनं लावल्या?"

"तिच्या पोरीनं. म्हातारी नावं विसरून राह्यली ना. पोरगी दूर देशात असते, वर्षातून एकडाव येते."

हंसाबाईची भाकरी तव्यावर करपली. तिनं ती उलथली नाही.

"नाव काय त्या म्हातारीचं?"

"शोशाना."

"लिहून दाखव. अन् त्याच्या खाली माह्यं लिह्य."

"तुह्यं कायले?"

"विसरते ना ते. रोज इचारन, कोनाची व तू? मंग तिच्या भाषेत दाखवजो."

कौसल्यानं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर शोशाना लिहिलं आणि त्याखाली मायचं. हंसा. चार अक्षरं, पहिलं आणि शेवटचं सारखंच. हंसाबाईनं हात पदराला पुसले, पेन्सिल विळ्यासारखी मुठीत धरली आणि उजवीकडून गिरवायला लागली. तिसरं अक्षर गोल होतं. ते बोंडासारखं फुगलं.

"तेथी कापूस पिकते का?"

"पिकते. कुतना म्हनतेत."

"बरं हाय मंग."

"माय, म्हंजे मी जाऊ?"

हंसाबाईनं मान वर केली नाही. शेवटचं अक्षर अर्ध्यावर होतं.

"थांब," ती म्हणाली. "मले हे पुरं करू दे. मंग जाय."