खंडेनवमीचं कुंकू

श्रीरंगरावांच्या घरी देवांपेक्षा अवजारांचा मान मोठा, असं त्यांची बायको हेमलता चिडवायची. खोटं नव्हतं ते. जबलपूरच्या फॅक्टरीत त्यांनी जन्मभर लेथ चालवली, आणि खंडेनवमीला आपलं मापं घ्यायचं व्हर्नियर पुसून पाटावर मांडल्याशिवाय कधी चहासुद्धा घेतला नाही. ज्याच्यावर घर जेवतं त्याला वर्षातून एकदा हळदकुंकू लागलंच पाहिजे, एवढाच त्यांचा धर्म. पाटाशेजारी हेमलताचं शिलाई मशीन यायचं, लेकीचा, सुखदाचा, कंपासबॉक्स यायचा. पूजा मात्र हेमलताच करायची. हे नुसते शेजारी उभे राहून चुका काढायचे.

सुखदा पुढे विद्यापीठात सोलर सेलवर संशोधन करू लागली. बापाची छाती फुगली, पण कळलं काडीचं नाही. छतावरच्या निळ्या पाट्या त्यांना ठाऊक होत्या. ही म्हणे सेंद्रिय पदार्थाची शाई काचेवर पसरून सेल बनवते.

"म्हणजे तू नेमकं काय करून राहिली?" त्यांनी एकदा विचारलं.

"बाबा, ऊन पिणारा थर वेगळा आणि वीज नेणारा धातू वेगळा. दोघं डायरेक्ट भिडले तर वीज मधातच अडते, सेलही लवकर मरतो. मी त्यांच्या मधातला थर बनवून राहिली. एकदम पतला."

"अच्छा! पॅकिंग! दोन लोखंडांच्या मधात बसवतो तसं!"

सुखदा हसून हो म्हणाली. झालं. जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारात भेटेल त्याला हे सांगत सुटले, की आमच्या पोरीनं उन्हाचं पॅकिंग शोधलंय.

मग हेमलता गेली. घर असं सुनं झालं, की दोघं जेवताना टीव्ही लावून ठेवायची. त्याच वर्षी सुखदाचा मधला थर जमला. तिचे सेल उन्हात इतरांपेक्षा किती तरी जास्त टिकले. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं तिला सेल घेऊन बोलावलं. तिथल्या मोजणीत ते उतरले, तर तिथेच जागा मिळणार होती.

गाडी दसऱ्याच्या पहाटेची होती आणि त्या दिवशी विद्यापीठ सुट्टीमुळे बंद, म्हणून तिनं सेलचा डबा आदल्या दिवशीच महाराजपूर मोहल्ल्यातल्या घरी आणला. आत कोरडा वायू भरलेला. सेलवर दुसरी काच चिकटवून ते सीलबंद व्हायचे होते पुण्यात. तोवर त्यांना हवा सोसत नव्हती, आणि ओल तर मुळीच नाही. तो थरच असा, की दमटपणा लागला की सुटून यायचा. डबा उघडू नका, असं मात्र ती बापाला बोलली नाही. कोण उघडतंय, असं वाटलं असेल बिचारीला.

ती प्रवासाचं सामान आणायला बाजारात गेली. आणि तो दिवस खंडेनवमीचा.

हेमलता नव्हती, म्हणून पहिल्यांदाच श्रीरंगरावांनी स्वतः पाट मांडला. व्हर्नियर ठेवलं, मशीन पुसलं. मग त्यांना वाटलं, आता या घराचं खरं अवजार तर त्या डब्यात आहे. त्यांनी डबा उघडला. काचेचे इवलेसे तुकडे हलक्या हातानं ओळीनं मांडले, नर्मदेचं पाणी शिंपडलं, एकेकाला ओलं कुंकू लावलं. एकही चूक होऊ दिली नाही. हेमलता असती तर तिनंही नाव ठेवलं नसतं.

सुखदा आली आणि दारातच थबकली. पिशवी हातातून सुटली.

"काहून? काही चुकलं का?"

तिनं खाली पडलेली पिशवी उचलली. "नाही बाबा. छान केली पूजा. हे जास्तीचे होते."

म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. पण संध्याकाळी ते अंगणात झाडांना पाणी घालत होते, तेव्हा खिडकीतून तिचा आवाज आला. फोनवर तिचे सर होते.

"सर, सैंपल खराब हो गए... नहीं, घर में किसी ने कुछ नहीं किया। मुझसे ही डब्बा खुला रह गया।"

श्रीरंगरावांच्या हातातली झारी तशीच सांडत राहिली. आत जाऊन पोरीचे पाय धरावेत असं त्यांना वाटलं. पण तिनं त्यांच्यासाठी सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. ते कळलं म्हणून सांगितलं, तर बापाला वाचवल्याचं तेवढं समाधानही तिच्या हाती राहिलं नसतं. ते अंगणातच उभे राहिले.

नवे सेल करून होईपर्यंत पुणं थांबलं नाही. सुखदा इथल्याच एका कॉलेजात शिकवू लागली.

यंदाच्या खंडेनवमीला श्रीरंगरावांनी पाट काढलाच नाही. व्हर्नियर कपाटातच राहिलं.

"बाबा, पूजा काहून नाही?"

"हात कापतात आता," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

सुखदानं स्वतः पाट मांडला. व्हर्नियर ठेवलं, मशीन ओढून आणलं. मग आतून तेच काचेचे तुकडे घेऊन आली. गेल्या वर्षीचं कुंकू त्यांच्यावर वाळून तसंच होतं. ते तिनं व्हर्नियरशेजारी मांडले आणि कुंकवाची वाटी बापापुढे धरली.

"मी ऐकलं होतं, बेटा. त्या दिवशी, खिडकीतून."

"माहीत आहे मला. झारी रिकामी झाली तरी तुम्ही तिथंच उभे होते."

श्रीरंगरावांनी बोट वाटीत बुडवलं. ते काचेवर धरलं, पण टेकवेना.

"लावा ना, बाबा," सुखदा म्हणाली. "आता ओल लागली तरी चालते."