अम्माचे रिकामे हात

आमच्या घरात विडी ओढणारे एकटे नायना आणि वळणारी एकटी अम्मा. आम्ही घरी तेलुगू बोलतो, म्हणून आई ती अम्मा आणि वडील ते नायना. सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं बरीच आहेत. दाराशी उजेडाला बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. माझी इंग्रजी शाळा त्या सुपावरच चालली. युनिफॉर्मला तंबाखूचा वास यायचा, म्हणून मी मागच्या बाकावर खिडकीशी बसायचे. मला कोणी काही बोललं नव्हतं. कोणी बोलायच्या आतच मी जागा शोधून ठेवली होती. ऑफिसातही माझं टेबल खिडकीशीच आहे.

नायना यंत्रमागावर होते. धाप लागायला लागली तेव्हा त्यांनी काम सोडलं, विडी सोडली नाही. गेल्या उन्हाळ्यात बोलता बोलता त्यांचा दम तुटायला लागला, तेव्हा मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून बघितला आणि सरळ सांगितलं की गेलेलं फुफ्फुस परत येणार नाही. विडी आता सुटली तर उरलेलं पुरेल, नाहीतर थोड्याच दिवसांत घरात ऑक्सिजनचा सिलिंडर आणावा लागेल. नायना मान हलवत होते, दुसऱ्या कोणाविषयी चाललंय तसे.

व्यसन सोडवणाऱ्या खोलीतल्या मॅडम माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी निकोटीनचं च्युइंगम दिलं आणि कसं खायचं ते दाखवलं. साध्या च्युइंगमसारखं चघळायचं नाही, थोडं चावायचं, तोंडात चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचं. मग पुढचे दिवस कसे जातील तेही त्यांनी सांगितलं. डोकं दुखेल, झोप लागणार नाही, चिडचिड होईल, कशात मन लागणार नाही, हात रिकामे रिकामे वाटतील. "त्यांच्यावर रागवू नका, ते मुद्दाम करत नसतात," असं त्या अम्माला म्हणाल्या. शेवटी त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणी तंबाखू घेतं का?

अम्मा म्हणाली, "नाही ओ. मी नुसती वळते."

मॅडम लिहायच्या थांबल्या. घरात तंबाखू समोर असताना यांची विडी सुटणार नाही, शिवाय तो धुरळा यांच्या छातीत जातोच, असं त्या म्हणाल्या. काही दिवस तरी ते काम घराबाहेर ठेवा.

अम्मा लग्नाच्या आधीपासून विड्या वळते, तिच्या आईच्या शेजारी बसून शिकलेली. माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा तिनं फार खाडा केला नव्हता. पण त्या संध्याकाळी तिनं पानं आणि तंबाखू शेजारच्या अक्कांकडे दिली, सूप साबणानं धुतलं, खिळ्याला टांगलं आणि फरशी पुसून काढली. ती हे इतक्या मुकाट्यानं करत होती की मला वाटलं, सोडणं म्हणजे एवढंच असतं.

नायनांना पहिल्या च्युइंगमनं उचक्या लागल्या. कट्ट्यावरचे त्यांचे जुने सोबती हसले. एकानं विचारलं, "काय मामा, रवंथ करायलाव का?" नायना कट्ट्यावर जायचेच बंद झाले. पण टिकले. गालात च्युइंगमची गोळी दाबून टीव्हीसमोर बसायचे, बातम्यांवर कुरकुरायचे, आणि विडीशिवाय दिवस काढायचे. खोकला थोडा कमी झाला असं मला वाटायचं. खरंच झाला होता की मला तसं ऐकू येत होतं, सांगता येत नाही.

बिघडली ती अम्मा. तिचं डोकं ठणकायला लागलं आणि ती कपाळाला घट्ट फडकं बांधून वावरायला लागली. आमटीत दोनदा मीठ पडलं. पंखा का लावला म्हणून ती माझ्यावर ओरडली आणि थोड्या वेळानं का बंद केला म्हणून ओरडली. तिची झोप उडाली. बसल्या बसल्या वर्तमानपत्राच्या कडा फाडायची आणि त्यांच्या सुरळ्या करायची. तिच्या पायाशी कागदाच्या विड्यांचा ढीग पडायचा.

अक्का बघायला आल्या. "काम सुटलं की असंच होतंय बघ," त्या म्हणाल्या. "हाताला लई सवय हाय की." आम्हा सगळ्यांना ते पटलं.

एका रविवारी दुपारी मी इस्त्री करत होते. नायनांनी पाकिटातून गोळी काढली. अम्मा हळूच म्हणाली, "मला एक द्या की. बघू तरी कसलं असतंय."

नायना हसले आणि त्यांनी दिली. तिनं ती थोडी चावून गालात दाबली. मी बघत होते. जरा वेळानं तिच्या भुवयांमधली गाठ सुटली. तिनं कपाळावरचं फडकं सोडलं आणि घडी करून मांडीवर ठेवलं. "बरं वाटलं," ती म्हणाली. "थंड आहे ना, म्हणून असेल." आणि भिंतीला टेकून बसल्या जागी झोपली, कितीतरी दिवसांनी.

मी इस्त्री उभी करून ठेवली. डोकेदुखी, झोप, चिडचिड, रिकामे हात. मॅडमनी हे सगळं अम्माला सांगितलं होतं, पण नायनांविषयी. अम्मानं आयुष्यात विडी ओठाला लावलेली नाही. तिच्यात ती बोटांतून गेली होती, श्वासातून गेली होती, मी जन्मायच्या आधीपासून. फोनवर मी इंग्रजीत शोधलं. वळणाऱ्या बायकांच्या अंगात निकोटीन जातं, असं तिथं होतं. त्यांनी पुढं काय करायचं ते कुठंच नव्हतं.

पुढच्या वेळी दवाखान्यात गेलो तेव्हा मी विचारलं. अनोळखी माणसासमोर तोंड उघडायला मला फार वेळ लागतो, त्यामुळे अम्मा आणि नायना उठून उभे राहिल्यावर मी बोलले. मॅडमनी ऐकून घेतलं.

"ओढत नाहीत ना त्या?"

"नाही."

"मग हे च्युइंगम मला त्यांना देता येणार नाही. आणि दिलं तरी परत सुपाशी बसल्या तर काय उपयोग? आधी काम सुटायला हवं." त्यांनी अम्माकडे बघितलं. "दुसरं काही काम येतं का त्यांना?"

अम्मा अंगठ्यानं आपल्याच बोटांची टोकं चोळत होती. ती टोकं कायमची तपकिरी आहेत.

रिक्षात ती म्हणाली, "माझ्यासाठी विचारलंस ना?" मी हो म्हटलं. "मग मीपण ओढणाऱ्यांतलीच झाले की," ती म्हणाली आणि बाहेर बघत हसली.

त्याच आठवड्यात तिनं अक्कांकडून पानं परत आणली. दाराबाहेरच बसेन म्हणाली. बाहेर वाऱ्यानं तंबाखू उडायची, म्हणून उंबऱ्यावर आली, मग उंबऱ्याच्या आत. तिचं डोकं दुखायचं थांबलं, आमटी पूर्वीसारखी झाली. अक्का म्हणाल्या, आता कशी माणसात आलीस. नायनांनी खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली. ते गोळी गालात ठेवून तिच्या हातांकडे बघत बसायचे.

पूर्वी त्यांचा हात सुपाकडे गेला की अम्मा कात्रीची मूठ त्यांच्या बोटांवर मारायची. शिव्याही द्यायची, गमतीच्या आणि खऱ्याही. एका दुपारी त्यांचा हात आला आणि सुपाच्या काठाशी थांबला. अम्मानं कात्री उचलली नाही. त्या हाताकडे बघत राहिली. मग वळून झालेल्या विडीला दोरा गुंडाळला, नेहमीसारखा नीट, आणि ती काठावर सरकवली.

"मला कळलंय आता कसं होतंय ते," ती म्हणाली. "घ्या."

नायनांनी गालातली गोळी काढून कागदात ठेवली आणि विडी घेतली. पहिल्याच झुरक्याला त्यांना ठसका लागला आणि तो बराच वेळ थांबला नाही. अम्मा खाली मान घालून पुढचं पान कापत होती. मी आत उभी राहून खोलीकडे बघत होते. सिलिंडर आला तर ठेवायचा कुठं, हे मी मनाशी ठरवत होते. एकच कोपरा मोकळा होता, सुपाच्या खिळ्याखालचा.