सरळ रेषेतलं अंतर

आई सकाळी गेली. बेंगळुरूच्या धाकट्या भावाला फोन केला, तेव्हा तो एवढंच बोलला, "दादा, मला तिचं तोंड बघू द्या. तोवर थांबा."

थांबायला अडचण नव्हती. आमच्यात, लिंगायतांत, गेलेल्या माणसाला बसवतात. माकणीच्या घरात आईला भिंतीला टेकवून बसवलं, कपाळाला विभूती लावली. मठाचे स्वामी म्हणाले, "दिवस मावळायच्या आत माती झाली म्हंजे झालं. पोराला येऊ द्या."

पण आमचे दाजी निवृत्त अधिकारी. एखादी गोष्ट आपोआप नीट होत असलेली त्यांना बघवत नाही. त्यांनी खुर्ची मागवली, मोबाइल काढला आणि दोन विमानतळांमधलं अंतर सांगणारं एक पान उघडलं. बेंगळुरू ते हैदराबाद, सव्वा तास. मग त्याच पानावर हैदराबाद ते माकणी टाकलं. तिथं रस्ता दिसत नव्हता, नकाशावर ओढलेली सरळ रेघ होती. दाजींनी त्या रेघेवरून गाडी पळवली आणि जाहीर केलं, "तीनला पोरगं दारात. माती ठीक चार वाजता."

"दाजी, पाखरू हाय का वो ते?" शेजारच्या काकू म्हणाल्या. "हुमनाबाद, उमरगा करत यायचंय त्याला."

"काकू, हे उपग्रहावरून मोजलेलं असतं."

उपग्रहापुढं कोण बोलणार? वेळ मोबाइलवरून तालुकाभर गेली. साहेबांकडंही गेली. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. आईला त्यांनी जिवंतपणी कधी पाहिलं नव्हतं. चारला ते हजर झाले, वेळेवर, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. भाऊ तेव्हा हुमनाबादच्या जरा पुढं होता.

"अजून दोन तास," मी म्हणालो. दिवसही तेवढा शिल्लक होता.

"साहेबांचा पुढं कळंबला कार्यक्रम आहे," त्यांचा माणूस म्हणाला.

"मोठ्या माणसाला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही," दाजी म्हणाले. भावकीनं माना हलवल्या. मी दारात आडवा उभा राहिलो, तर दोघांनी मला दंडाला धरून अगदी मायेनं बाजूला केलं. त्या मायेचा राग अजून गेलेला नाही. आईला बसवलेली डोली उचलली.

माती झाली आणि माइक आला. ज्यांना घाई होती ते साहेब बोलायला उभे राहिले आणि कळंब विसरले. "आपल्या जिल्ह्यातनं विमान सुरू असतं," ते म्हणाले, "तर आज या माउलीच्या लेकराला आईचं तोंड दिसलं असतं!" मग टाळ्यांसाठी थांबले. मातीला आलेल्या लोकांना वाजवाव्यात की नाही कळेना. दोघातिघांनी वाजवल्या. मी माइकवाल्याला म्हणालो, "बंद कर ते." त्यानं साहेबांकडं पाहिलं आणि आवाज वाढवला.

साहेबांनंतर आणखी चौघं बोलले. ऊन उतरलं. सूर्य टेकला होता, तेव्हा भाऊ बांधावरून पळत आला. बॅगेला विमानतळावरचा कागदी पट्टा तसाच चिकटलेला. दाजींनी घाईनं माइक घेतला.

"कैलासवासी मातोश्रींचे धाकटे चिरंजीव खास विमानानं आलेले आहेत."

सगळे मागं वळून बघायला लागले, विमानानं आलेला माणूस कसा दिसतो ते.

तो ओल्या मातीपाशी बसला.

"नीट बसवलं होतं का?"

"व्हय," मी म्हणालो. "दाराकडं तोंड करून."